परत फिरायची जागा

(आकाशवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात नाणेघाटात गेलेल्या मंडळींनी तिथला उलटा धबधबा पाहिलेला असतो. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असं करत आपण पायथ्याशी जातो, घाट चढतो आणि कड्याशी उभे राहतो. खाली कोसळायला हवं ते पाणी वारा उचलतो आणि पुन्हा आपल्याच अंगावर उडवतो. आपण भिजतो, हसतो, फोटो काढतो. पण डोंगरात विमान उडवायला शिकणाऱ्या मुलांचा पहिला धडा तिथेच आहे, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

समुद्रावरून आलेला वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो. पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. पाण्याचा झोत उलटा फिरवण्याइतका त्याला जोर असतो. मग हाच वारा माथा ओलांडून पलीकडे गेला की काय करतो? तो खाली उतरतो. उल्हास नदीला पाणी आलेलं असताना एखाद्या बुडालेल्या खडकाकडे नीट पाहा. पाणी खडकावर चढतं आणि मागच्या बाजूला घसरून भोवरे करतं. हवेचंही तसंच आहे. पाण्याचा भोवरा डोळ्यांना दिसतो, हवेचा मात्र दिसत नाही. तो कळतो विमानात बसल्यावरच.

हे सगळं आज सांगायचं कारण असं. माझी नोकरी विमानतळावरच्या हवामान कार्यालयात झाली. निवृत्तीनंतर डोंबिवलीतल्या घरी मी वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हवामान आणि दिशाज्ञान हे दोन विषय शिकवते. डोंबिवली, कल्याण, ठाणे, बदलापूर इथून ही मुलं येतात. बहुतेकांचे आईवडील नोकरदार. लेखी परीक्षा झाली की मुलं उड्डाण शिकायला शिरपूर, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी जातात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात एकट्यानं केलेला ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचा, एक प्रवासही असावा लागतो. एवढा पल्ला मारायचा म्हटल्यावर महाराष्ट्रात कुठे ना कुठे डोंगर आडवा येतोच. सह्याद्री आहे, सातपुडा आहे, गोंदियाच्या बाजूला जंगलातल्या टेकड्या आहेत.

१६ जुलै २०२१, शुक्रवार. शिरपूरच्या विमानोड्डाण अकादमीचं एक लहान शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या डोंगरात कोसळलं. विमानात दोघंच होती. शिकवणारे कॅप्टन जागीच गेले. शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली, पण वाचली. ती कशी वाचली तेही सांगायला हवं. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आवाज ऐकून आसपासचे आदिवासी आणि गावकरी पावसाळ्यातल्या त्या रानातून धावले. जखमीला न्यायला काही नव्हतं, तेव्हा एका बाईनं आपलं नेसूचं लुगडं काढून दिलं. त्याची झोळी झाली, ती बांबूला बांधली आणि आळीपाळीनं खांदा देत लोकांनी त्या मुलीला डोंगराखाली आणलं.

त्या अपघाताचं कारण ठरवणं हे तपास यंत्रणेचं काम, ते मी इथे करणार नाही. मला बोलायचं आहे ते लहान विमान आणि डोंगर यांच्या नात्याबद्दल. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक घरानं समजून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट ताकदीची. शिकाऊ विमानाला साधारण शंभर-दीडशे अश्वशक्तीचं इंजिन असतं. म्हणजे आपल्या सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीपेक्षा फार काही जास्त नाही. एवढ्या इंजिनावर दोन माणसं आणि पेट्रोल घेऊन असं विमान सपाटीवर, थंड हवेत, मिनिटाला सहाशे-सातशे फूट चढतं. खानदेशातल्या उन्हाळी दुपारी हवा तापून विरळ होते. पंखाला धरायला हवा कमी, इंजिनाला जाळायला हवा कमी. चढण्याचा वेग आणखी घटतो. आता हे विमान डोंगराच्या आडोशाच्या बाजूनं, म्हणजे जिकडे वारा खाली उतरतो तिकडून, माथ्याकडे निघालं आहे असं समजा. उतरता वारा मिनिटाला तितक्याच, कधी त्याहून जास्त वेगानं त्याला खाली ओढतो. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू आहे, नाक वर आहे, आणि उंची मात्र कमी होत आहे. शिकणाऱ्याचा हात आपोआप नाक आणखी वर करतो. समोर डोंगर दिसत असताना कोणाचाही तसाच जाईल. पण नाक वर केलं की वेग पडतो. वेग फार पडला की पंखावरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान तोलणारी शक्तीच नाहीशी होते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीपासून चार हजार फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला उंची असते. डोंगराच्या कुशीत ती नसते.

दुसरी गोष्ट जागेची. मोटार रिव्हर्स घेता येते, विमान घेता येत नाही. परत फिरायचं तर पूर्ण वळण घ्यावं लागतं. ९० नॉट वेगानं जाणारं विमान ३० अंश कलून वळलं, तर उलट दिशेला तोंड होईपर्यंत त्याला सुमारे ७६० मीटर रुंदी लागते. बारा डब्यांच्या तीन लोकल एकामागे एक उभ्या करा, साधारण तेवढी. दरी त्याहून अरुंद असेल तर तिच्यात शिरल्यावर परतीची वाट बंद झाली असं समजायचं. विमान जास्त कलवून लहान वळण घेता येतं, पण त्याची किंमत असते. ६० अंश कललं की पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो, आणि एरवी ज्या वेगाला विमान सुखानं उडत असतं त्या वेगालाही ते स्टॉल होऊ शकतं.

म्हणून डोंगरातल्या उड्डाणाचे जगभरचे नियम एकाच विचाराभोवती फिरतात. दरीच्या मध्यातून जायचं नाही, एका कडेनं जायचं, म्हणजे वळायला सगळी रुंदी हातात राहते. माथा काटकोनात गाठायचा नाही, ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे नको वाटलं तर थोडक्या वळणात बाहेर पडता येतं. माथ्याच्या वर निदान हजार फूट आणि वारा असेल तर दोन हजार फूट अंतर ठेवायचं. माथ्यावरचा वारा २५ नॉटच्या, म्हणजे ताशी सेहेचाळीस किलोमीटरच्या, वर असेल तर लहान विमानानं तिकडे फिरकायचंच नाही. मी मुलांना सांगते, ‘पुढे कसं जायचं ते नंतर, आधी परत कुठून यायचं ते नकाशावर पेन्सिलीनं काढा.’

तिसरी गोष्ट ढगांची. जुलै-ऑगस्टमध्ये डोंबिवलीच्या पूर्वेकडून मलंगगडाकडे पाहा. सकाळी सुळका स्पष्ट दिसतो, तासाभरात कमरेपर्यंत ढग, आणि मग तिथे डोंगर आहे हे नवख्या माणसाला सांगूनही खरं वाटणार नाही. शिकाऊ वैमानिक बाहेर बघून विमान उडवत असतो. क्षितिज दिसतं म्हणून विमान सरळ आहे हे त्याला कळतं. ढगात शिरल्यावर क्षितिज जातं, आणि मग कानातला तोल सांभाळणारा भाग चक्क खोटं सांगू लागतो. विमान हळूहळू वळत असतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. फक्त उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. शेजारी अर्थातच जाणकार बसलेला होता. वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. डोंबिवलीहून सुटलेली लोकल ठाकुर्लीला पोहोचते, तेवढा वेळ.

कोणी म्हणेल, ही नवशिक्यांची गोष्ट झाली. आपल्याच डोंगरांनी मुरलेल्या वैमानिकांनाही सोडलेलं नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलिटालिया कंपनीचं डीसी-८ जातीचं मोठं जेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. ते जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळलं आणि ९४ माणसं गेली. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत असं समजून वैमानिकानं वेळेआधीच विमान खाली आणलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला येणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरात कोसळलं, ४५ जण गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये जुहूहून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निघालेलं हेलिकॉप्टर आपल्या मुरबाड तालुक्यातच पडलं आणि त्यातले पाचही जण दगावले. डॉ. होमी भाभा ज्या विमानात होते, ते २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, ते विमानही नेमकं कुठे आहे याचा अंदाज चुकल्यामुळेच. डोंगर मागे पडला असं वाटलं होतं, तो पुढे होता.

शिकाऊ विमानात आणखी एक पेच असतो, तो शेजारच्या आसनावरच्या माणसाचा. या विमानात दोघांसमोर सारखीच चक्रं, सारखेच पायदळे असतात. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला चूक करू देतो. चूक झाल्याचं त्याचं त्याला कळावं, त्यानंच ती सुधारावी, म्हणून हात मांडीवर ठेवून बसतो. अगदी वेळ आली की ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणतो आणि विमान हातात घेतो. सगळं कौशल्य या थांबण्यात आहे. पोहायला शिकवणारा माणूस पोराला किती गटांगळ्या खाऊ देतो, तसंच हे. सपाट रानावर, तीन-चार हजार फुटांवर शिक्षकाला थांबायला भरपूर वेळ असतो. डोंगरात तो वेळ काही सेकंदांवर येतो. लवकर हात घातला तर पोरगं शिकत नाही, उशिरा घातला तर दोघंही राहत नाहीत. १८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून निघालेलं शिकाऊ विमान मध्य प्रदेशच्या हद्दीत, बालाघाट जिल्ह्यातल्या टेकड्यांमध्ये पडलं. त्यात शिकवणारा आणि शिकणारी मुलगी दोघंही गेली. अशी बातमी आली की माझ्याकडची मुलं त्या दिवशी वर्गात बोलत नाहीत. वह्या उघडतात, पण लिहीत कोणी नाही.

मग लोक विचारतात, चूक कोणाची? हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण विमान अपघाताच्या तपासाची रीत वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की, तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, कोणाला दोषी ठरवणं नाही. आपल्याकडे हे काम विमान अपघात तपास विभाग करतो. त्यांचे अहवाल जाहीर होतात, कोणालाही वाचता येतात. मी ते वर्गात वाचायला लावते. मुलं आधी बिचकतात. पण गेलेल्या माणसानं मागे ठेवलेला तो धडा आहे, आणि तो न वाचणं म्हणजे त्याचं जाणं वाया घालवणं.

आता मुरबाड, शहापूर, माळशेज, मलंगगड या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या भागातली विमानांची ये-जा वाढली आहे. विमानातून प्रवास करणं सुरक्षितच आहे, घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण डोंगरात काही झालंच, तर तिथे पहिल्यांदा पोहोचतो तो गुराखी, शेतकरी, नाहीतर ट्रेकला गेलेली आपली मुलं. विमानात धक्क्यानं आपोआप सुरू होणारं संकटसूचक यंत्र असतं, त्याचा संदेश उपग्रहामार्फत बंगळूरच्या केंद्रात पोहोचतो. तरी तिथून हलणारं पथक कड्यापाशी येईपर्यंत वेळ जातोच. म्हणून एवढं लक्षात ठेवा. ११२ किंवा १०८ ला फोन करा आणि जागेची ठळक खूण सांगा, कुठल्या वाडीच्या वर, कुठल्या ओढ्याजवळ. पेट्रोल सांडलेलं असतं, तेव्हा जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका. आग लागलेली नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढायची घाई करू नका, पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो. हलवावंच लागलं तर मान आणि पाठ सरळ राहील असं, चारपाच जणांनी मिळून उचला. आणि अवशेषांना हात लावू नका. वाकलेला पत्रा, काट्याची जागा, खटक्याची स्थिती यातून तपास करणाऱ्याला शेवटचं मिनिट वाचायचं असतं. तुकडा आठवण म्हणून घरी नेला, तर तेवढं एक अक्षर पुसलं गेलं.

शेवटी घरातल्या मंडळींशी बोलायचं आहे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते.

वैमानिक होण्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, कधी वरही. डोंबिवलीतल्या घरात एवढी रक्कम पडून नसते. फ्लॅट गहाण पडतो, गावची जमीन विकली जाते, भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढले जातात. उड्डाणाच्या प्रत्येक तासाला हजारो रुपये लागतात. त्यामुळे रोज रात्री फोनवर घरातून एकच प्रश्न जातो: ‘किती तास झाले?’ तो प्रेमानंच विचारलेला असतो. पण तिकडे दोनशे-चारशे किलोमीटरवर वसतिगृहात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्यात व्याजाचा आकडा ऐकू येतो.

माझ्याकडे शिकलेला एक मुलगा अशाच एका लांबच्या उड्डाणावर निघाला होता. निम्म्या वाटेवर समोरच्या डोंगरावर ढग उतरताना दिसले. तो वळला आणि निघाला होता तिथे येऊन उतरला. तास मोजले गेले, पैसे गेले, प्रवास मात्र पूर्ण झाला नाही. तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार होता. वडील मला भेटायला आले ते रागावूनच. म्हणाले, ‘मॅडम, बाकीची मुलं जाऊन आली असती. हा घाबरतो की काय?’ मी त्यांना म्हटलं, ‘काका, तो घाबरला असता तर डोळे मिटून पुढे गेला असता. वळायला डोकं शांत लागतं. तुमचे पैसे वाया गेले नाहीत. ज्यासाठी भरले होते, तेच तो त्या दिवशी शिकला.’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘त्याला फोनवर मी जरा जास्तच बोललो.’ मी म्हटलं, ‘मग आज पुन्हा फोन करा.’

मागे फिरणं हे आपल्या मनात कमीपणाचं आहे. रणातून पाठ दाखवली असं आपण म्हणतो, परीक्षेतून उठला असं म्हणतो. गड चढायला गेलेला माणूस अर्ध्यातून परतला तर वर्षभर चेष्टा करतो. या सवयीचं ओझं घेऊनच मुलगा किंवा मुलगी विमानात बसते. समोर ढग दिसतात, हाताशी वळायला जागा असते, वेळ असतो. आणि त्या क्षणी डोक्यात डोंगराऐवजी घरचे काय म्हणतील ते येतं. वळायची जागा दरीत असावी लागते तशी ती माणसाच्या मनातही असावी लागते. दरीतली जागा नकाशावर मोजून मी शिकवू शकते. मनातली जागा घरच्यांनीच ठेवायची असते.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं, नात्यातलं कोणी उड्डाण शिकत असेल, तर आज रात्रीच्या फोनवर ‘किती तास झाले’ हे विचारू नका. ‘आज हवा कशी होती’ एवढंच विचारा. आणि तिकडून उत्तर आलं की ‘हवा बरी नव्हती, मी अर्ध्यातून परत आलो’, तर एवढंच म्हणा, ‘बरं केलंस. जेवलास का?’